जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स घरी उघडताय? आधी हे वाचा



चिखलणी उरकली, ट्रॅक्टर दारात उभा आहे. जुन्या ट्रॅक्टरचं गिअरबॉक्सचं काम काढायला हेच दिवस बरे. यातलं बरंच काम घरी होतं, सगळं मात्र नाही.

*गिअर टाकताना करकर होत असेल* तर गिअरबॉक्सला हात लावू नका. आधी क्लच पेडलचा फ्री प्ले मोजा. बऱ्याच मॉडेलला तो २० ते ४० मिमी असतो, आपला आकडा पुस्तिकेत बघा. क्लच पूर्ण सुटत नसेल तर नवीन गिअर टाकूनही करकर राहणारच.

*चालता चालता गिअर सुटत असेल* तर आधी तेल काढून बघा. स्वच्छ भांड्यात काढा, तळाशी चुंबक फिरवा. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, चिखलणीनंतर हे नेहमीचंच. लिव्हरचं रबर फाटलंय का बघा. चुंबकाला बारीक काळी भुकटी लागली तर ती साधी झीज. टोकदार तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग गेलंय. पिवळी चमक दिसली तर बुश किंवा वॉशर घासतोय.

तुकडे नसतील तर फक्त वरचं झाकण उघडा. फोर्क झिजलाय का, रॉडवरची स्प्रिंग मऊ पडलीय का, छर्रा झिजलाय का, हे तिथेच कळतं. गिअर सुटण्याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं आणि खर्चही थोडक्यात भागतो. दोन रॉडच्या मध्ये एक छोटी पिन किंवा छर्रा असतो, तो हरवू देऊ नका. तो बसवायचा राहिला तर एका वेळी दोन गिअर पडून गिअरबॉक्स जाम होतो. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या.

⚠️ *दात किंवा बेअरिंग गेलं असेल तर ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो.* इथे जिवाशी गाठ आहे. पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळे मागचा भाग सुटला की इंजिन एका अंगाला कलंडतं. एक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोकल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, भक्कम स्टँड हवेच. पक्की जमीन आणि चेन-पुली नसेल तर हे काम वर्कशॉपलाच द्या. हट्ट नको.

काम घरीच करत असाल तर एकमेकांत फिरणारे गिअर जोडीनेच बदला. जुन्यावर नवा बसवला की आवाज येतो आणि दोन्ही लवकर जातात. शिम जिथून निघाली तिथेच परत घाला. बेअरिंग शाफ्टवर चढवताना बाहेरच्या कड्यावर हातोडा मारू नका. तेलात साधारण १०० अंशांपर्यंत गरम केलं की ते सहज सरकतं. ज्वाळेवर धरू नका. झाकण लावण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून सगळे गिअर टाकून बघा.

बऱ्याच ट्रॅक्टरला गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. तसं असेल तर हायड्रॉलिकची जाळीही धुवा, नाहीतर तोच कीस पंप खाईल. तेल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच भरा.

पार्ट घेण्याआधी मॉडेल, वर्ष आणि चुंबकावरच्या किसाचा फोटो या नंबरवर पाठवा.