कीर्द फाडू नका!

समजा, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्याबाहेर भंगाराचा ट्रक वजनकाट्यावर उभा आहे. काट्यावर आकडा दिसतोय, पण पावती निघत नाही. संगणक म्हणतो, डेटाबेस सर्व्हर सुरू होत नाही. मागे ट्रकांची रांग लागते. कोणीतरी सुचवतं, "सगळं काढून परत टाका!" घात होतो तो इथेच.

सर्व्हर बंद का पडला, हे तो स्वतःच लिहून ठेवतो. बरेच काटे, दुकानं मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतात. विंडोजवर त्याच्या डेटा फोल्डरमध्ये बहुधा संगणकाच्याच नावाची, 'ईआरआर' शेपटीची फाइल असते. ती उघडून शेवटून वाचा. ती न वाचता उपाय करणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

कारण अनेकदा साधंच निघतं. रोजच्या बॅकअपने डिस्क भरलेली असते. जुने बॅकअप दुसरीकडे हलवा. किंवा मायएसक्यूएलचा ३३०६ हा पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रॅमने अडवलेला असतो. नाहीतर फोल्डर हलवताना परवानग्या बदललेल्या असतात.

लाइट गेल्यावरचं दुखणं वेगळं. मोंढ्यातला आडत्या व्यवहार आधी कीर्दीत टिपतो, मग सवडीने खतावणीत चढवतो. डेटाबेसही तेच करतो. वीज मध्येच गेली, तर सुरू होताना तो कीर्द पाहून राहिलेल्या नोंदी चढवतो. याला वेळ लागतो. अडकला समजून त्याला पुन्हा मारू नका. जुन्या आवृत्त्यांत ही कीर्द 'आयबी लॉगफाइल' नावाच्या फायलींत असते. नावात 'लॉग' दिसला की लोक कचरा समजून ती पुसतात, आणि खतावणी कायमची चुकते.

एवढ्यानेही भागलं नाही, तर आधी सर्व्हर बंद ठेवून अख्ख्या डेटा फोल्डरची प्रत काढा. मग बिघाड असूनही सर्व्हर जबरदस्तीने उठवणारी 'फोर्स रिकव्हरी' ही सेटिंग वापरा. तिच्या १ ते ६ पायऱ्या असतात. १ पासून चढत जा. ४ पासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. सर्व्हर असा उठला, तर त्यावर धंदा चालवू नका, नोंदी तेवढ्या बाहेर काढा.

तोवर ट्रक कशाला अडवायचे? पावतीपुस्तक काढा, काट्यावरचा आकडा हाताने लिहा. सर्व्हर उठला की तीच आपली कीर्द.