पटावरची लढाई (७) : एका वाघाला किती बकऱ्या?

केळापूर तालुक्यातलं पाटणबोरी मागे पडलं की हैदराबादकडे जाणारा महामार्ग पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. नदीच्या अलीकडे वाघ-बकरी, पलीकडे तेलुगूत पुली-मेका. खेळांचं घराणं एकच, पण पट कसा आखायचा ते गावोगाव बदलतं. त्यातले दोन पट सर्वाधिक रुळलेले. एक चौकोनी : २५ घरं, ४ वाघ, २० बकऱ्या. नेपाळात ‘बाघचाल’ म्हणतात तो हाच. दुसरा दक्षिणेकडचा, त्रिकोणी शेंड्याचा : २३ घरं, ३ वाघ, १५ बकऱ्या. पट निराळे, तरी दोन्हीकडे एका वाघामागे पाचच बकऱ्या. हे प्रमाण कुणी एकानं बसून ठरवलेलं नसावं. एकतर्फी डावांना कंटाळलेल्या खेळाडूंनीच ते घासूनपुसून आणलं असणार.

बुद्धिबळात दोन्ही फौजा सारख्याच असतात. फरक काय तो पहिल्या खेळीचा, आणि रंग आलटूनपालटून दिले की तोही बराचसा फिटतो. इथे मात्र एका बाजूला ताकद, दुसऱ्या बाजूला संख्या. मग लढत बरोबरीची झाली हे ठरवायचं कसं?

आजच्या युद्धखेळांनी यावर गुणांचा तोडगा काढला. ‘वॉरहॅमर ४०,०००’ मध्ये प्रत्येक तुकडीला गुणांची किंमत असते आणि नेहमीच्या सामन्यात दोघेही २,००० गुणांपर्यंतची फौज उभी करतात. हिशेब चोख दिसतो खरा, पण मोकळ्या मैदानात लांब पल्ल्याची तोफ जितकी भारी, तितकी ती पडक्या इमारतींच्या गर्दीत राहत नाही. किंमत मात्र दोन्हीकडे तीच. म्हणूनच तिथले गुण पुन्हापुन्हा दुरुस्त होत राहतात.

वाघ-बकरीत हीच गोष्ट खडूनं आखलेल्या पटावर दिसते. चौकोनी पटावर चारही वाघ कोपऱ्यांत बसतात. बकरीवाला दर पाळीला एक बकरी मांडतो आणि विसावी बकरी पटावर येईपर्यंत मांडलेली एकही हलवू शकत नाही. वाघ मात्र पहिल्या पाळीपासून मोकळे. शेजारच्या बकरीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारली की ती बकरी गेली. आता कडेच्या घरातली बकरी पाहा. तिच्या पलीकडे पटच नाही, त्यामुळे तिच्यावरून उडी फक्त कडेकडेनं घेता येते. पटाच्या मधोमध आठ दिशांनी धोका. आणि कोपऱ्यातल्या बकरीला तर वाघ कधीच मारू शकत नाही! म्हणजे शिकारीच्या नादात वाघानं कोपरा सोडला, तर तो बकरीला कायमचा आसरा देऊन जातो. हीच बकरी मध्यावर असती तर तिची किंमत घटली असती. तेव्हा वाघ म्हणजे इतक्या बकऱ्या, असा कायमचा भाव काढायला जाऊच नये.

संगणकाला विचारलं तर? लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संशोधकांनी या चौकोनी पटाचा छडा लावला. त्यांचा निबंध २००९ मध्ये ग्रंथरूपात आला. पाच बकऱ्या मारल्या की वाघ जिंकले, सगळे वाघ कोंडले गेले की बकऱ्या जिंकल्या, या अटींवर दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. (खऱ्या वाघांना कोंडीचं एवढं भय नसतं. केळापूर तालुक्यातल्याच टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ २०१९ मध्ये चालतचालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत पोचला होता.)

अचूक खेळणारी माणसं कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच. नवख्यांच्या डावात वाघाची चलती असते : उडी चटकन दिसते, कोंडी दहा खेळ्या आधी बेतावी लागते. अशा वेळी बकऱ्या वाढवण्याचा मोह होतो. तो टाळावा. पट २५ घरांचाच. एकविसावी बकरी आली की रिकामी घरं घटतात आणि वाघांचा श्वास एकदम कोंडतो. त्यापेक्षा जिंकण्याची अट हलवावी : पाचाऐवजी सहा बकऱ्या मारल्या तरच वाघ विजयी. फौजा, घरं, चाली जिथल्या तिथे राहतात आणि झुकतं माप हवं तेवढंच देता येतं.

कितीची अट ठेवायची यावर वाद झाला, तर लिलाव करावा. एक म्हणतो, “सहा मेल्या तर हरलो, या अटीवर बकऱ्या माझ्या.” दुसऱ्याला ते फार सवलतीचं वाटलं तर तो म्हणतो, “मी पाचावर घेतो.” पहिला चारावर उतरायला तयार नसेल, तर बकऱ्या दुसऱ्याच्या आणि वाघ पहिल्याचे. मग तक्रारीला जागा राहत नाही. अट दोघांनीच ठरवलेली असते.

लिलाव नको असेल तर दोन डावांचा सामना लावावा, दुसऱ्या डावात बाजू बदलून. दोन्ही डाव वाघांनीच मारले, तर ठरलेल्या बकऱ्या कमी खेळ्यांत टिपणारा जिंकला. दोन्ही वेळा बकऱ्याच सरस ठरल्या, तर आपल्या कमी बकऱ्या गमावून वाघ कोंडणारा. खेळ्या मोजायला बाजूला चिंचोके ठेवले की झालं.