गाजर गवताची खाज आणि ‘कमी झालेली’ प्रतिकारशक्ती

नारायणगाव-मंचर पट्ट्यात शेतात राबणाऱ्या कुणाच्या पापण्या, मान, कोपराचे खळगे लाल होऊन खाजू लागले, की घरचं निदान ठरलेलं: ‘रक्त बिघडलंय, प्रतिकारशक्ती कमी झालीय.’ लगेच काढा सुरू. बांधावरच्या गाजर गवताची ॲलर्जी असेल, तर हे निदान साफ उलटं आहे. प्रतिकारशक्ती इथे कमी पडलेली नसते, नको तिथे भडकलेली असते.

१९५६ साली पुण्यातून नोंद झालेल्या या गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं. त्वचेतल्या काही पेशी ते लसिका ग्रंथींपर्यंत नेऊन टी-पेशींना दाखवतात. पुढचा कारभार सायटोकाइन या निरोप्या प्रथिनांचा. इंटरल्युकिन-२ मुळे पार्थेनिन ओळखणाऱ्या टी-पेशी भराभर वाढतात. पुन्हा संपर्क आला, की त्या इंटरफेरॉन-गॅमासारखी प्रथिनं सोडून आणखी पेशी गोळा करतात. सूज आणि खाज येते ती यातून. ‘आता पुरे’ सांगणारी इंटरल्युकिन-१० सारखी प्रथिनंही शरीरात असतात, आणि आवर घालणाऱ्या खास टी-पेशीही. या पेशींवरच्या संशोधनाला २०२५चं नोबेल मिळालं. ॲलर्जीत हा आवर तोकडा पडतो.

‘वीस वर्षं उपटतोय, आताच कसं झालं?’ असंच होतं. अनेक वर्षांच्या संपर्कानंतरही ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की स्मृती जपणाऱ्या पेशी ती सहसा विसरत नाहीत. शिवाय पुरळ उठायला एक-दोन दिवस जातात. तोवर आळ बिचाऱ्या वांग्यावर!

हात न लावताही त्रास होतो, कारण वाळक्या गवताचे कण हवेतून उडतात. मात्र हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइड मलमानं आराम पडतो, कारण ते हेच निरोप दाबतं. पण मनानेच महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावलं तर कातडी पातळ होते.

गवत फुलण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून उपटा. ज्याच्या अंगावर उठतं, त्याला मात्र या कामाला लावू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडून त्याची पॅच टेस्ट करून घ्या.