आपल्या कामाची पाटी

तुळिंज म्हणजे नालासोपाऱ्याचा पूर्व भाग. मुंबईची लोकल गाठण्यासाठी पहाटे घर सोडणाऱ्यांची वस्ती. येथे नोकरीची गोष्ट निघाली, की एक प्रश्न हटकून पुढे येतो : "ओळख कोणाची आहे?" ज्याचा मामा-काका मोठ्या हुद्द्यावर नाही, त्याने करावे काय? संकेतस्थळे रचण्याची विद्या शिकलेल्या मुलामुलींपुरते या प्रश्नाला आज एक उत्तर आहे. ते म्हणजे स्वतःच्या कामाचे स्वतःचे संकेतस्थळ.

सुताराने पूर्वी केलेले कपाट दाखवले, की त्याला शिफारसपत्र लागत नाही. तोच न्याय येथे लागू पडतो. किंबहुना येथे दाखवायची पाटी हाच कामाचा पहिला नमुना असतो; कारण जाणकार माणूस ब्राउझरमधून पानामागची रचनाही तपासू शकतो.

यासाठी कोणाच्या परवान्याची गरज नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत १९८९ साली या जाळ्याची कल्पना मांडली आणि १९९३ साली संस्थेने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सामान्यजनांस मिळू लागले.

संकेतस्थळाला तीन गोष्टी लागतात : नाव, जागा आणि पाने. नाव म्हणजे डोमेन. ते विकत मिळत नाही, वार्षिक भाड्याने मिळते, हे ध्यानात ठेवावे. जागा म्हणजे सदैव चालू असणाऱ्या सर्व्हरवरील कोपरा. साध्या पानांसाठी 'गिटहब पेजेस'सारख्या सेवा ती फुकट देतात. पाने एचटीएमएल आणि सीएसएस यांत लिहावीत; जावास्क्रिप्ट लागेल तेवढीच घालावी.

आता पानांवर काय असावे? आमच्या मते तीन-चार कामे पुरेत. पण प्रत्येकाची हकीकत पुरी हवी. समजा, एखादीने डबे पुरवणाऱ्या शेजारच्या काकूंसाठी हिशेबाची नोंदवही संगणकावर करून दिली. मग अडचण काय होती, कोणता मार्ग निवडला, तोच का निवडला, आणि काय अजून साधलेले नाही, हे चार ओळींत सांगावे. काम चौघांनी मिळून केले असेल तर आपला वाटा तेवढाच लिहावा. शिकवणीतील स्वाध्यायाला स्वाध्यायच म्हणावे. मालकाच्या कामाची आतली रचना परवानगीवाचून दाखवू नये. मुलाखतीत पहिल्या दोन प्रश्नांतच उसनी विद्या उघडी पडते, आणि गेलेला विश्वास परत मिळवणे कठीण. घरचा पत्ताही चारचौघांत मांडू नये. संपर्कास निराळा ईमेल ठेवावा.

दुसरी गोष्ट वजनाची. आपले पान पाहणारा गृहस्थ कदाचित धावत्या लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून, मोबाइलवर ते उघडत असेल. कॅमेऱ्यातून निघालेले कित्येक एमबींचे छायाचित्र जसेच्या तसे चढवले, तर पान उघडेपर्यंत तो पुढल्या उमेदवाराकडे वळेल. म्हणून चित्रे लहान करावीत, आणि घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर पान उघडून पाहावे.

उभारणीपेक्षा सांभाळणे अवघड. डोमेन नेहमी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर घ्यावे. मदत करणाऱ्या मित्राच्या खात्यावर घेतले, तर मैत्री आटताच नावही जाते. मुदत चुकली, तर सवलतीच्या काळानंतर ते नाव कोणालाही घेता येते. मग आपल्या अर्जावरील पत्ता भलत्याच दुकानात नेऊन सोडतो. दर तीन महिन्यांनी एकेक दुवा उघडून पाहावा, शिळे काम काढावे, नवे घालावे. सर्व पानांची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवावी. 'गिट' या साधनाने प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि बिघडलेले पान पूर्ववत करता येते.

आपल्या शेजारच्या सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. ती अक्षरे दोन हजार वर्षे नूतनीकरणावाचून टिकली. आपली अक्षरे दगडावरची नव्हेत. वर्षाचे भाडे चुकले की ती पुसली जातात. ओळखीवाचून पुढे जाऊ पाहणाऱ्याने म्हणूनच काम खरे दाखवावे आणि भाड्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी.