जुन्या मोटारीचा डायनमो: स्वतः उघडावा की कारागिराकडे सोपवावा?

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने माळव्यात राहिले. नेमणूक चिटणिसाची असली, तरी त्यांच्या वाट्याला आलेल्या खात्यांत उद्याने, टेनिसची मैदाने, अतिथिगृह, मोटारी आणि वीजघर होते. यांतल्या कशाचाही लेखन-वाचनाशी संबंध नाही, अशी मिस्कील नोंद त्यांच्या ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ च्या पुस्तकात आहे. मोटारी आणि वीजघर एकाच माणसाच्या गळ्यात पडावे, यात मात्र एक अर्थ होता. त्या काळच्या मोटारीतला डायनमो म्हणजे बॉनेटखाली बसवलेले लहानसे वीजघरच होते. धार-देवाससारख्या संस्थानांत तो बिघडला, तर जवळच्या माणसानेच तो उघडून पाहायचा, अन्यथा सुट्या भागांसाठी मुंबईकडे किंवा थेट विलायतेकडे वाट पाहायची.

शंभर वर्षांनंतर हा प्रश्न संस्थानिकांपुरता उरलेला नाही. गोव्यात १९६१ पूर्वी आयात झालेल्या जर्मन आणि ब्रिटिश मोटारी अनेक घरांच्या पडवीत अजून उभ्या आहेत. जुन्या अँबेसिडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड यांतही अल्टर्नेटर नव्हे, डायनमोच होता. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यातली अट. साहजिकच मूळ भाग टिकवण्याची धडपड वाढली आहे आणि डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा विझेनासा झाला की मालकापुढे प्रश्न उभा राहतो: हे काम आपण करावे की करून घ्यावे?

उत्तर देण्यापूर्वी दोष नेमका डायनमोतच आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. एवढे मात्र प्रत्येक मालकाने स्वतः करावे, असे माझे ठाम मत आहे. कारण बॅटरी चार्ज होत नाही एवढे ऐकताच पुष्कळ ठिकाणी डायनमो खोलला जातो आणि दोष निघतो पट्ट्याच्या ढिलाईत किंवा रेग्युलेटरच्या काजळलेल्या पॉइंटमध्ये. लुकास जातीच्या दोन-ब्रशी डायनमोवर दोन टर्मिनले असतात, एक मोठे आणि एक लहान. दोन्हींवरच्या तारा सोडवाव्यात, दोन्ही टर्मिनले उघड्या तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडावीत, ही जोडणी आणि डायनमोचे अंग यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावावा आणि इंजिन मंद गतीने चालवून हळूहळू वेग वाढवावा. काटा अडखळल्यावाचून चढला, तर डायनमो निर्दोष आहे. तो २० व्होल्टपर्यंत जाऊ देऊ नये आणि इंजिन मिनिटाला एक हजार फेऱ्यांच्या पुढे नेऊ नये.

काटा चढला नाही, तरी तो जिथे थांबतो तिथून दोषाचा पत्ता लागतो. मुळीच हलला नाही, तर संशय कार्बन ब्रशवर. अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला, तर फील्ड कॉइल. चार-पाच व्होल्टवर थांबला, तर बहुधा आर्मेचर. हजारो रुपयांचा निर्णय या तीन आकड्यांवर ठरतो.

ब्रश झिजले असतील, तर ते काम घरीच करावे. दोन लांब बोल्ट काढले की डायनमोचे मागचे झाकण सुटते. नवे ब्रश आपापल्या खाचेत सहज सरकले पाहिजेत. कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवरचा काळेपणा पेट्रोलने ओलावलेल्या फडक्याने पुसावा. तो तेवढ्याने गेला नाही, तर अतिशय बारीक काचकागद वापरावा. एमरी कागद मात्र नको, कारण त्याचे कण तांब्यात रुतून बसतात आणि नव्या ब्रशला खातात. मागच्या झाकणातला सच्छिद्र कांस्याचा बुश बदलायचा असेल, तर तो बसवण्यापूर्वी २४ तास स्वच्छ इंजिन तेलात बुडवून ठेवावा लागतो. घाईतल्या कारागिराकडून हमखास गाळली जाणारी पायरी हीच. घरी काम करणाऱ्याजवळ वेळ असतो, आणि या यंत्रात वेळ ही मोठी सामग्री आहे.

फील्ड कॉइलपाशी मात्र घरगुती दुरुस्तीची सीमा येते. त्या मोजता येतात: लुकासच्या १२ व्होल्टच्या सी-३९ व सी-४० या डायनमोंत त्यांचा रोध सुमारे ६ ओहम असतो. पण त्यांना धरून ठेवणारे पोलचे स्क्रू इतके घट्ट आवळलेले असतात की हातातल्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी छिलून निघतात. बसवतानाही ते तितकेच आवळावे लागतात, नाहीतर पोल किंचित आत सरकून फिरत्या आर्मेचरला घासतो. आर्मेचरचे रिवाइंडिंग तर घरी करूच नये. प्रत्येक वेटोळ्याची टोके ठराविक पट्टीलाच डाखावी लागतात, वार्निश भट्टीत पक्के करावे लागते, कॉम्युटेटर लेथवर घासावा लागतो आणि मग पट्ट्यांमधला अभ्रक सुमारे ०.८ मिलिमीटर खोल कोरून काढावा लागतो. वेगात फिरणाऱ्या आर्मेचरचे एखादे वेटोळे सुटले, तर सगळा डायनमो क्षणात निकामी होतो.

पण कारागीर कोणता? माळव्यातल्या शेतीच्या गावांत काय किंवा आपल्या तालुक्यांत काय, पंपाची मोटर भरून देणारे दुकान सापडतेच. त्यांचे हात कसलेले असतात यात शंका नाही. तरीही पंपाच्या मोटरीत वेटोळी स्थिर भागात असतात आणि कॉम्युटेटर नसतोच. डायनमोत ती फिरत्या भागात असतात. म्हणून ड्रिल आणि ग्राइंडरची आर्मेचरे भरणारा कारागीर आपल्या कामाच्या अधिक जवळचा. त्याच्याकडे जाताना जुन्या आर्मेचरची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि तार उकलण्यापूर्वी वेढ्यांची संख्या, तारेची जाडी व टोकांची जागा लिहून घेण्यास सांगावे. एकदा ही तार भंगारात गेली की मूळ मोजमाप परत मिळत नाही, आणि दुर्मीळ मोटारीच्या बाबतीत दुसरे आर्मेचर शोधण्यात वर्षे जातात.

हवामानाचाही विचार करावा लागतो. धार-देवासच्या पठारावर धूळ ब्रश आणि कॉम्युटेटर झिजवते. कोकणपट्टीत पावसाळ्याचा दमटपणा जुन्या कापडी आवरणात शिरून इन्सुलेशन कमजोर करतो. म्हणून आपल्याकडे चार महिने झाकून ठेवलेली गाडी दसऱ्याला बाहेर काढताना, चालणारा डायनमोसुद्धा आधी तपासलेला बरा.

काम कोणीही केलेले असो, डायनमो पुन्हा बसवल्यावर त्याची ध्रुवता ठरवणे मालकाच्या माहितीत असावे. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असते, आणि आजचा मेकॅनिक सवयीने ऋण टोक जोडतो. डायनमोची लहान टर्मिनलवरची तार सोडवून, बॅटरीच्या अंगाला न जोडलेल्या टोकापासून घेतलेली तार त्या टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवली की लोखंडात योग्य दिशेचे चुंबकत्व बसते. हे राहून गेले आणि ध्रुवता उलटी असली, तर कट-आउटचे पॉइंट वितळून चिकटतात, बॅटरीची वीज उलट डायनमोत शिरते आणि वायरिंग तापू लागते. जुन्या गाड्यांत या तारेला बहुधा फ्यूजही नसतो. म्हणून पहिल्या फेरीत अ‍ॅमीटरवर नजर ठेवावी, आणि इंजिन बंद केल्यावरही काटा वजा बाजूला राहिला, तर त्याच क्षणी बॅटरीची तार सोडवावी.