आहुप्याची करवंदं आणि ईदचा फ्रीजर

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात घोडेगाव मागे टाकून डिंभे धरणाच्या पाण्याला वळसे घालत आहुप्याकडे निघालं, की रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या दिसतात. आंबेगाव तालुक्याच्या अगदी पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यावर वसलेलं हे महादेव कोळी समाजाचं गाव. कड्यावर उभं राहिलं की खाली मुरबाडकडचं कोकण दिसतं, आणि पाठीमागे देवराईची गर्द झाडी. इथली करवंदं तीन-चार आठवड्यांची पाहुणी. वळवाचे दोन जोरदार पाऊस पडले की फळात पाणी भरतं, अळ्या होतात आणि हंगाम संपतो. त्याआधी बायाबापड्या पहाटे उठून ती वेचतात आणि पानाच्या द्रोणांत घालून रस्त्याकडेला विकायला बसतात.

या करवंदांचं आपण काय करतो? गाडी थांबवून दोन द्रोण घेतो, निम्मे वाटेत खातो, उरलेले पिशवीत चेंगरतात. आणि घरी आल्यावर मुलं पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानातल्या चॉकलेटच्या कांडीसाठी हट्ट धरतात. आमच्याकडे दोन वर्षांपासून या दोन्ही गोष्टींची गाठ बांधून दिली आहे. करवंद फ्रीजरमध्ये गोठवायचं आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचं. स्ट्रॉबेरीला चॉकलेट लावलेलं सगळ्यांनी पाहिलंय, खाल्लंय. पण आंबटगोड करवंदावर कडवट चॉकलेटची पातळ कवची चढली, की स्ट्रॉबेरी फिकी वाटते, असं आमच्या घरातल्या लहानथोरांचं एकमत आहे.

याला आणखी एक निमित्त आहे. बकरी ईद २०२४ मध्ये १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ती मागे सरकत सरकत आता करवंद, आंबा, जांभळाच्या ऐन हंगामात येऊन बसली आहे. दोन दिवस कलेजी, पाये, बिर्याणी झाल्यावर पाहुण्यांपुढे काही थंड, आंबट ठेवलं तर त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते, ती पाहण्यासारखी असते. शिवाय आपल्या शेजारी मांस न खाणारी घरं असतातच. ईदला त्यांच्याकडे काय पाठवायचं, हा प्रश्न दर वर्षी पडतो. शीरखुर्मा तर रमजान ईदला जाऊन आलेला असतो.

आधी करवंदांबद्दल. पूर्ण काळी, हाताला किंचित मऊ लागणारी फळंच घ्या. लालसर राहिलेली लोणच्याला. देठाजवळून पांढरा चीक येतो, तो बोटांना आणि ओठांना चिकटतो, म्हणून निवडण्याआधी हाताला थोडं तेल लावायचं. देठ काढून मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायची, मग दोन-तीन पाण्यांतून धुऊन काढायची. पुढची पायरी कंटाळवाणी आहे, पण तिच्यावरच सगळं अवलंबून आहे. फळं सुती कापडावर पसरून अगदी कोरडी करायची. पंख्याखाली तासभर ठेवा. ओलं फळ गोठलं की त्यावर बर्फाची पापडी धरते आणि चॉकलेट तिच्यावरून घसरतं. बिया बारीक असतात, मोठी माणसं चावून खातात. मुलांसाठी मात्र उभं कापून बिया काढून टाकलेल्या बऱ्या.

कोरडी फळं ताटात एकेक सुटी मांडून फ्रीजरमध्ये तीन तास ठेवायची. ढीग केला तर त्याचा एकच दगड होतो. गोठल्यावर डब्यात भरली तरी चालतात.

आता चॉकलेट. बाजारात अर्ध्या किलोची जी स्वस्त लादी मिळते, ती बहुधा ‘कंपाउंड’ असते. तिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल घट्ट करून घातलेलं असतं. खऱ्या चॉकलेटातलं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं. मे महिन्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात ते हातातच पाघळतं, आणि चकाकी टिकवायची तर वितळवताना तापमानाचा बराच सांभाळ करावा लागतो. कंपाउंडला ही मिजास नाही. चव अर्थातच खऱ्याची वरचढ. आम्ही घरच्यांसाठी खरं कडू चॉकलेट वापरतो आणि पन्नास पाहुणे यायचे असतील तेव्हा कंपाउंड. दोन्हींत २०० ग्रॅमला एक मोठा चमचा खोबरेल तेल, खायचं, वासाचं नव्हे. त्यामुळे थर पातळ बसतो आणि गार होताच दातांखाली कुडकन तुटतो.

पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करून आच बंद करा, वर कोरडं वाडगं ठेवा आणि त्यात चॉकलेटचे तुकडे ढवळत राहा. वाडग्याचा तळ पाण्याला लागू देऊ नका. पाण्याचा एक थेंब आत पडला तरी चॉकलेट फाटून त्याचा रवाळ गोळा होतो, म्हणून चमचासुद्धा पुसून घ्यायचा. ते पातळ आणि कोमट झालं की गोठलेली करवंदं चार-चार काढून बुडवायची, काट्याने उचलून बटर पेपरवर ठेवायची. फळ इतकं गार असतं, की अर्ध्या-पाऊण मिनिटात कवची धरते. ती धरायच्या आत वर चार कण जाड मीठ टाकायचं, हवं तर चिमूटभर लाल तिखटही. मिठाने करवंदाची आंबट चव उठून येते. मग ताट पुन्हा फ्रीजरमध्ये.

हीच रीत इतर फळांना. केळं पिकलेलं पण न काळवंडलेलं, बोटभर जाड चकत्या. हापूसच्या फोडी, पण फार रसाळ आंबा नको. आमरस आणि चक्का समसमान घोटून बर्फाच्या साच्यात गोठवला आणि मग बुडवला, तर आम्रखंडाच्या गोळ्या तयार होतात. जुन्नर-नारायणगावची काळी द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये येतात. पुढची काही वर्षं रमजान त्याच थंडीअखेरच्या दिवसांत आहे. तेव्हा इफ्तारला ही द्राक्षं जरूर करून पाहा. फक्त पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष कधीही देऊ नका, गोठलेलं तर नाहीच. ते घशात अडकतं. उभे चार तुकडे करूनच द्यायचं. आणि रिकाम्या पोटी हे खायचं नाही. खजूर आणि पाण्याने रोजा सोडा, मगरिब होऊ द्या, मग दोन-तीन नग. खजुरातही बी काढून बदाम भरला आणि चॉकलेट चढवलं तर छान होतं. साखर भरपूर असल्यामुळे खजूर फ्रीजरमध्येही दगड होत नाही, चिवट राहतो. अब्बा-दादींची शुगर असेल त्या घरात ही बशी त्यांच्यापासून थोडी लांबच ठेवलेली बरी.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, ज्यासाठी बऱ्याच बहिणी दुकानातली चॉकलेटं घ्यायचीच टाळतात. आपल्या देशात पाकिटावर हिरवा ठिपका असेल, तर त्या मालात प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन, चरबी किंवा किड्यांपासून बनवलेला लाल रंग (यादीत तो १२० या आकड्याने येतो) असू शकत नाही. दूध आणि मध मात्र चालतात. यादीतला ३२२ म्हणजे लेसिथिन, ते बहुतेक सोयाबीनचं असतं. ४७१ हा पदार्थ वनस्पतींपासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. तिथे हिरवा ठिपकाच आपल्याला उत्तर देतो. पण हा ठिपका दारूबद्दल काहीच सांगत नाही. रमच्या नावाची चॉकलेटं असतात. काहींत नुसता वास, काहींत खरोखर मद्य. नाव वाचूनच ती परत ठेवावीत. व्हॅनिला इसेन्स अनेकदा अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. त्याबाबत आलिमांची मतं एकसारखी नाहीत. आम्ही त्या वादात न पडता वेलची घालतो, आणि खरं सांगायचं तर करवंदाशी वेलचीच जास्त जमते. आखाती देशांतून भाऊ-भाचे जे डबे आणतात त्यांवर आपला ठिपका नसतो. तिथे हलाल शिक्का शोधायचा. सोबत मार्शमेलो आले असतील तर ते जिलेटिनचे असतात, हे लक्षात ठेवून दोनदा वाचायचं.

ईदच्या दिवसांत खरी पंचाईत होते ती जागेची. कुर्बानीचं गोश्त वाटून झालं तरी घरचा हिस्सा असतोच, आणि फ्रीजरचं दार लागत नाही. त्या गर्दीत करवंदांचं ताट सरकवणं धोक्याचं आहे. कच्च्या मांसाचं पाणी फळावर ठिबकलं तर फळ टाकूनच द्यावं लागेल, कारण ते आपण शिजवणार नाही आहोत. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. दुसरी गोष्ट, चॉकलेटमधली चरबी आजूबाजूचा वास भराभर शोषून घेते. उघड्या ताटातल्या चॉकलेटला तिसऱ्या दिवशी कलेजीचा वास येतो. म्हणून हे सगळं ईदच्या चार-पाच दिवस आधी उरकायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं, आणि तो डबा वर, गोश्त खाली, तेही न गळणाऱ्या डब्यांत. सुरी आणि पाट वेगळा. चॉकलेट चढवलेली फळं महिनाभर उत्तम राहतात. नुसती गोठवलेली करवंदं चार-सहा महिने. डब्यावर तारीख लिहून ठेवावी.

आहुप्याच्या रस्त्यावर ज्या आजींकडून आम्ही करवंदं घेतो, त्यांना पुढच्या फेरीत रुंद तोंडाच्या थर्मासमधून यातली थोडी नेऊन दिली होती. त्यांच्या नातवंडांनी थर्मास तळापर्यंत पाहिला. आजींनी मात्र कामाचं विचारलं: फ्रीज नसेल, किंवा वादळात दोन-दोन दिवस लाईट नसेल, तर हे होईल का?

होईल, आणि रीत जुनीच आहे. बर्फ, शरबत, कुल्फी हे शब्दच आपल्याकडे फारसी-अरबीतून आले आहेत. अबुल फज़लच्या ‘आईन-ए-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करण्याची कृती आहे आणि लाहोरला डोंगरांतून बर्फ कसा येई, हेही सांगितलं आहे. आपल्याला सोरा नको, खडे मीठ पुरे. कुटलेला बर्फ तीन भाग, मीठ एक भाग. मिठामुळे बर्फ वितळू लागतो आणि वितळताना भोवतीची उष्णता ओढून घेतो. पारा शून्याच्या बराच खाली, उणे पंधराच्या आसपास उतरतो. मातीच्या मडक्यात किंवा बादलीत हे मिश्रण घालून, गोणपाटात गुंडाळून, त्यात झाकणाचे स्टीलचे छोटे डबे पुरून ठेवायचे. यात जांभळाचा गर सर्वांत छान गोठतो. अर्धा किलो जांभळं हाताने कुस्करून बिया काढायच्या, त्यात चार चमचे साखर, चिमूटभर काळं मीठ, अर्धं लिंबू. कुल्फीच्या साच्यांत भरून तोंडाला कणीक लावून बंद करायचं. पाऊण-एक तासात घट्ट होतात. मिठाचं पाणी आत गेलं तर सगळंच वाया, म्हणून कणीक नीट दाबायची. आणि साचे काढताना उघड्या ओल्या हातांनी मिश्रणात हात घालायचा नाही, कातडी भाजल्यासारखी होते.

बर्फ घेताना रंग पाहा. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर केलेला असावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. साच्याबाहेर लावायला निळा चालेल, पण त्यातला तुकडा मुलांनी चोखायला घेऊ नये.

विकत घेण्याऐवजी स्वतः तोडायची हौस असेल, तर आहुप्यात एक पथ्य पाळावं लागतं. देवराईतली काडीसुद्धा उचलायची नाही, हा गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक आहे, आणि शेजारीच शेकरूंसाठी राखलेलं भीमाशंकर अभयारण्य आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेची जागा आणि मुक्या जिवांचा चारा, दोन्हीकडे आपण हात लावू नये. रस्त्याकडेच्या आजींचे द्रोण भरलेलेच असतात. घासाघीस न करता चार जास्त घ्यावेत. काट्याकुट्यांतून फळ वेचताना त्यांच्या हातांची झालेली चाळण पाहिली, की भाव कमी करा म्हणायला तोंड उघडत नाही.

शेजाऱ्यांकडे पाठवायचं असेल तर स्टीलच्या डब्यात खाली बर्फाची पिशवी, वर ताटली, ताटलीत फळं. आणि डबा नेणाऱ्या मुलाला दोन नग आधीच हातावर द्यावेत, म्हणजे वाटेत मोजदाद बिघडत नाही. वाडग्याला लागून उरलेलं चॉकलेट खरवडत बसू नका. त्यातच कपभर गरम दूध ओतून ढवळलं, की फळं बुडवायला मदत केलेल्या पोरांचा हिशेब चुकता होतो.