मोटारीच्या मागील आसातील ठोका : निदानाची एक पद्धत

कल्याणहून बदलापूरला जाणारा रस्ता उल्हासनगर व अंबरनाथ या शहरांतून जातो. उल्हासनगरच्या बाजारातून फर्निचर घेऊन निघालेला 'छोटा हत्ती', अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत माल पोहोचविणारी पिकअप आणि शाळेच्या मुलांना नेणारी ओम्नी ही वाहने दिसण्यात भिन्न असली तरी रचनेने एकाच कुळातील होत. इंजिनाची शक्ती प्रोपेलर शाफ्टने मागे जाते, डिफरन्शियलमधून ती चाकांना मिळते, आणि चाकांचा सलग आस पाट्यांच्या स्प्रिंगांना जखडलेला असतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट 1100 व तिचीच पुढील आवृत्ती पद्मिनी याही याच कुळातल्या. ओम्नीचे उत्पादन 2019 साली थांबले. परंतु ही रचना मालवाहू गाड्यांत अद्यापि टिकून आहे.

अशा गाडीच्या मागील भागातून 'ठक्' असा आवाज येऊ लागला म्हणजे निदानात दोन प्रकारची चूक संभवते. बुश झिजलेले असताना डिफरन्शियल उघडले जाते व मालकाची कित्येक दिवसांची कमाई बुडते; किंवा यू-बोल्ट सैल झालेला असताना 'जुन्या गाडीला आवाज यायचाच' असे म्हणून मुलांनी भरलेली गाडी तशीच रस्त्यावर धावत राहते. पहिली चूक खर्चाची, दुसरी जिवावरची. दोहोंचे मूळ एकच : आवाज कोठून येतो हे कानाने ठरविण्याचा प्रयत्न. वस्तुतः पोलादी सांगाड्यातून ध्वनी इतक्या सहजतेने वाहतो की उजव्या शॅकलमधील ठोका चालकाला डाव्या चाकापाशी ऐकू येऊ शकतो. म्हणून 'कोठे' या प्रश्नाआधी 'केव्हा' हा प्रश्न विचारणे इष्ट होय.

ठोका म्हणजे काय, याचा विचार केल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. दोन भागांमध्ये कारागीर ज्याला 'प्ले' म्हणतात ती मोकळीक निर्माण झालेली असते. भार एका दिशेने कायम असेल तर दोन्ही भाग एका अंगाला टेकून राहतात व आवाज होत नाही. भाराची दिशा उलटली की सुटा भाग मोकळीक ओलांडून दुसऱ्या अंगावर आदळतो, तोच ठोका. अर्थात् प्रत्येक ठोक्यामागे कोणत्या तरी बलाची दिशा उलटलेली असते, आणि कोणते बल उलटले हे कळले की संशयित भागांची यादी आपोआप आखूड होते.

तत्पूर्वी एक क्षुल्लक वाटणारे काम करावे. जॅक, पाने, जादा टायर व सुटे सामान गाडीतून खाली उतरवावे आणि सायलेन्सरचे रबरी टांगणे हाताने हलवून पाहावे. मागील आसाचा म्हणून वर्णिलेला ठोका पुष्कळदा येथेच संपतो.

मालवाहू गाडीच्या बाबतीत फार उपयुक्त पुरावा भाराचाच असतो. फर्निचर भरून गेलेला टेंपो जाताना मूक असतो आणि रिकामा परतताना त्याच खड्ड्यांवर ठोके देतो. याचा अर्थ असा की मालाच्या वजनाने मोकळीक एका बाजूस दाबून धरली होती. वजन उतरताच उसळीसरशी बल उलटू लागले. येथे शॅकलचे बुश, स्प्रिंगेच्या डोळ्यातील पिन आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या टोकाचे रबर यांवर संशय घ्यावा. याउलट केवळ भरलेल्या गाडीत होणारा आघात बहुधा मोकळिकीचा नसतो. आस वर येऊन रबरी ठोकळ्यावर, तो गळून गेला असल्यास सरळ चासीवर, आपटत असतो. मग पाटा तुटला आहे काय, किंवा बसला आहे काय, हे पाहणे प्राप्त होते. पावसाचा पुरावाही विचारात घेण्याजोगा आहे. पाट्यांची कोरडी कुरकुर पाणी लागताच कमी होते. मोकळिकीचा ठोका पावसाने थांबत नाही. मात्र पावसाळ्यात पाट्यांवर साचलेल्या चिखलाखाली सैल यू-बोल्ट आणि पाट्याची चीर दोन्ही झाकली जातात. तपासणीपूर्वी तो भाग धुणे हा सोपस्कार नव्हे.

ब्रेक दाबताना होणाऱ्या ठोक्याची कसोटी सुंदर आहे. मोकळ्या जागी गाडी हळू पुढे नेऊन ब्रेक दाबावा, ठोका येईल. पुन्हा पुढेच नेऊन ब्रेक दाबावा. या वेळी आवाज आला नाही, पण गाडी मागे घेऊन ब्रेक दाबताच तो पुन्हा आला, तर एखादा भाग ब्रेकच्या ओढीने सरकतो व उलट ओढ मिळेपर्यंत तेथेच राहतो असे समजावे. सैल यू-बोल्ट, ब्रेकची सैल पाठपट्टी किंवा ड्रममधील शूज यांची ही लक्षणे होत. यू-बोल्ट सैल असल्यास आसाचा सारा ताण मधल्या सेंटर बोल्टवर पडतो. तो तुटला की आस स्प्रिंगेवर तिरका सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी चालू लागते. असा संशय आला तर गाडी तेथेच थांबविणे योग्य.

अ‍ॅक्सिलरेटर दाबताना व सोडताना ठोका येत असेल तर उलटणारे बल परिवलनाचे असते, आणि शोध युनिव्हर्सल जॉइंटपासून डिफरन्शियलपर्यंत मर्यादित होतो. येथे थोडे गणित उपयोगी पडते. क्राऊन व पिनियन यांच्या दातांत 0.15 मिलिमीटर मोकळीक, क्राऊनची त्रिज्या 80 मिलिमीटर आणि दातांचे प्रमाण 4 धरले, तर पिनियनपाशी ही मोकळीक अर्ध्या अंशापेक्षाही कमी भरते. चाके अडवून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने फिरविला असता तो कित्येक अंश फिरत असेल, तर त्याचे खापर या दातांच्या जोडीवर फोडता येत नाही. डिफरन्शियलमधील लहान गिअर व त्यांचे वॉशर यांची झीज चारपट होऊन शाफ्टवर दिसत असते. त्याआधी जॉइंटचा क्रॉस पाहावा. जॉइंटच्या दोन बाजू दोन हातांत धरून उलटसुलट पिळल्यास त्याची झीज डिफरन्शियल न उघडता कळते.

उरतो तो नियमित तालातील ठोका. ओम्नीच्या चाकाचा परीघ सुमारे 1.7 मीटर आहे. ताशी 20 किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे 3 फेरे घेते व वरील प्रमाणाने शाफ्ट 13. पहिले ठोके मोजता येतात. दुसऱ्यांची खडखड होते. वेग ताशी 5 किलोमीटरवर आणला की शाफ्टचेही ठोके मोजता येतात. परंतु काँक्रीटच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये. सांधे 4.5 मीटरवर असल्यास त्यांचा तालही वेगाच्याच प्रमाणात बदलतो आणि सांध्याचा धक्का चाकाचा दोष म्हणून नोंदला जातो.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरील संशय फेडण्यासाठी तो सोडवून गाडी हळू चालवून पाहण्याची पद्धत आहे. पाट्याच्या गाडीत ती चालते. कॉइल स्प्रिंगेच्या अनेक गाड्यांत मात्र आसाची खाली जाण्याची मर्यादा शॉकच ठरवितो. तेथे हा प्रयोग वर्ज्य समजावा.

दुरुस्तीनंतर यू-बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असताना आवळावेत व काही अंतर चालविल्यावर पुन्हा तपासावेत. रबरी बुशांच्या बोल्टांनाही तेच लागू आहे. गाडी जॅकवर लटकत असताना ते पक्के आवळले, तर चाके जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते, लवकर फाटते, आणि नवे बुश घालूनही तोच ठोका परत येतो.